आधी टेबल मोजा

डावीकडे मूळ इंग्रजी पुस्तकाची पीडीएफ, मध्ये मराठी अनुवादाची वर्ड फाइल, उजवीकडे शब्दकोश आणि संपादकांच्या शंकांची यादी. गेली तीन वर्षं माझं काम या मांडणीत चालतं. ३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर १४ इंची लॅपटॉपला एका केबलने जोडलेला असतो. त्याआधी कितीतरी वर्षं हेच काम मी फक्त लॅपटॉपच्या पडद्यावर करत होते. मूळ वाक्य वाचायचं, ऑल्ट-टॅब दाबायचं, वाक्य डोक्यात धरून मराठीत उतरवायचं, पुन्हा ऑल्ट-टॅब. वाक्य लांबलचक असलं की मधलं एखादं उपवाक्य गळायचं. ते पहिल्या वाचनात सापडत नसे, कारण मराठी वाक्य स्वतःपुरतं धड असायचं. मुद्रितं तपासताना मूळ पुस्तक शेजारी उघडलं की मग छातीत धस्स व्हायचं. दोन्ही मजकूर एकदम डोळ्यांसमोर राहायला लागल्यापासून ही गळती जवळजवळ थांबली आहे.

त्यामुळे ओळखीतलं कुणी "घेऊ का असा मॉनिटर?" असं विचारलं की माझ्या तोंडून पटकन "घे" निघतं आणि मग मी स्वतःला आवरते. कारण याच खरेदीत मी पैसे आणि महिनाभराचं काम, दोन्ही वाया घालवलं आहे. आता मी आधी तीन गोष्टी विचारते. काम नेमकं कोणतं? लॅपटॉपला पोर्ट कोणतं? आणि टेबल किती खोल? तिसरा प्रश्न ऐकून लोक गोंधळतात, पण खरेदी फसते ती बहुतेक वेळा तिथेच.

रुंद पडद्याची ओढ आपल्याला सिनेमाने लावली. १९५३ साली 'द रोब' या चित्रपटातून हॉलिवूडने सिनेमास्कोप आणला. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्तने 'कागज के फूल' या पहिल्या भारतीय सिनेमास्कोप चित्रपटात तो वापरला आणि व्ही. के. मूर्ती यांनी त्या लांब चौकटीत मोकळ्या स्टुडिओतला उन्हाचा झोत पकडला. मॉनिटरच्या खोक्यावर लिहिलेलं २१:९ हे प्रमाण त्याच घराण्यातलं. खरं प्रमाण थोडं वेगळं असतं: ३४४० बाय १४४० पिक्सेलच्या पडद्याची रुंदी उंचीच्या सुमारे २.३९ पट भरते. एलजीने २०१२ मध्ये २९ इंची, २५६० बाय १०८० पिक्सेलचा अल्ट्रावाइड मॉनिटर दाखवला आणि दोन वर्षांनी ३४ इंची, ३४४० बाय १४४०चा आणला. २०१७मध्ये सॅमसंगचा ४९ इंची, ३२:९ प्रमाणाचा मॉनिटर आला, म्हणजे दोन नेहमीचे पडदे मधली भिंत पाडून एक केलेले. सुरुवातीला या सगळ्याची जाहिरात सिनेमा आणि गेम यांच्यासाठी होत होती. वर्डमध्ये, एक्सेलमध्ये, टॅलीमध्ये दिवस घालवणारी माणसं त्याकडे नंतर वळली.

याच काळात लॅपटॉपचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. आधी १६:१० प्रमाणाचे पडदे होते, मग टीव्हीच्या पडद्यांच्या जोडीने स्वस्त पडतात म्हणून सरसकट १६:९ आले, आणि आता कामाच्या लॅपटॉपमध्ये १६:१० परत येत आहेत. लोकांना उंची हवी होती म्हणून ती परत आली. मॉनिटर रुंद होत असताना लॅपटॉप उंच होत होते, हे लक्षात ठेवलं तर निर्णयाची अर्धी वाट सरते.

मॉनिटरचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, आणि पडदा जितका लांबट तितकं हे माप फसवं. ३४ इंची अल्ट्रावाइड साधारण ८० सेंटिमीटर रुंद आणि ३३ सेंटिमीटर उंच असतो. उंचीत तो नेहमीच्या २७ इंची मॉनिटरएवढाच. ३२ इंची नेहमीचा मॉनिटर आकड्याने लहान वाटतो, पण क्षेत्रफळात तो ३४ इंची अल्ट्रावाइडपेक्षा मोठा भरतो. मी माणसांना ए-फोर कागद घेऊन दुकानात जायला सांगते. कागद २९.७ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद. ३४ इंची पडद्यावर तो उंचीत बसतो; वर्डची वरची पट्टी उघडी असेल तर तळाच्या दोन-चार ओळी दिसेनाशा होतात. रुंदीत मात्र असे तीन कागद शेजारी-शेजारी मांडून वर १६-१७ सेंटिमीटर जागा उरते. २९ इंची अल्ट्रावाइडची उंची जेमतेम २८.६ सेंटिमीटर, म्हणजे एक अख्खं पानसुद्धा खऱ्या आकारात तिथे मावत नाही. किंमत कमी आहे म्हणून तो घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. लांब करारनामे, निकालपत्रं, प्रबंध वाचणाऱ्याने २९ इंचीच्या वाटेला जाऊ नये.

देवनागरी वाचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि मॉनिटरच्या इंग्रजी परीक्षणांत ती कधीच सापडत नाही. रोमन अक्षर बहुतेक वेळा मधल्या पट्ट्यात बसतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय पोटात जोडाक्षर. हा सगळा पसारा त्याच उंचीत मावायचा म्हणजे बारीक ठिपके हवेत. ३४ इंची पडदा ३४४० बाय १४४०चा असेल तर दर इंचाला सुमारे ११० पिक्सेल मिळतात. तोच ३४ इंची पडदा २५६० बाय १०८०चा असेल तर ८२ मिळतात, आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. ८२वाल्या पडद्यावर मी बारा पॉइंटाचा मराठी मजकूर वाचून पाहिला. 'रु' आणि 'रू' यांतला फरक, 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक, 'र्य' की 'ऱ्य' हे पुढे वाकून पाहावं लागत होतं. मुद्रितशोधनाचं पोटच या फरकांवर आहे. तेव्हा दुकानात मॉनिटरवर धबधबा आणि पोपट दाखवत असतील तर ते बंद करायला सांगावं आणि पेनड्राइव्हवर नेलेलं आपलं मराठी पान शंभर टक्के आकारात उघडावं. ४० इंची, ५१२० बाय २१६० पिक्सेलचे मॉनिटर आता मिळतात. तिथे दर इंचाला १३९ पिक्सेल आणि उंची साडेएकोणचाळीस सेंटिमीटर. रुंदी आणि उंची दोन्ही देणारा माझ्या पाहण्यातला हाच खरा अल्ट्रावाइड, पण किंमत आवाक्याबाहेरची आहे.

मोठ्या पडद्याने काम खरंच वाढतं का? मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात मेरी झेर्विन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन प्रोजेक्टर जोडून केलेला ४२ इंच रुंद, वळणदार पडदा १५ इंची पडद्याशी ताडून पाहिला होता. तो पडदा बनवणाऱ्यांत लेझर प्रिंटरचे जनक गॅरी स्टार्कवेदर होते. रुंद पडद्यावर कामाला सुमारे ९ टक्के कमी वेळ लागला. मला हा आकडा प्रामाणिक वाटतो, कारण तो छोटा आहे. २००८ मध्ये युटा विद्यापीठाच्या अभ्यासात १८ इंची पडद्याच्या तुलनेत २४ इंचीवर काम ५२ टक्के जलद झाल्याचं निघालं, आणि हाच आकडा जाहिरातींत वर्षानुवर्षं फिरला. त्या अभ्यासाला पैसे एनईसी या मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीचे होते. गंमत अशी की त्याच अभ्यासात २६ इंचीवर वेग पुन्हा घसरला होता, पण ते फारसं कुणी सांगितलं नाही. मोठा पडदा म्हणजे नेहमीच जास्त काम, असं या दोन्हींतून निघत नाही. दोन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहण्याचं काम असेल तर फरक पडतो. एकच गोष्ट सलग लिहिण्याच्या कामात तो मला तरी जाणवला नाही. लेख लिहिताना मी आजही मॉनिटर बंद करून लॅपटॉप घेऊन खिडकीत बसते.

आता पोर्टाकडे येते, कारण माझी फजिती तिथेच झाली. माझ्या आधीच्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट होतं. मॉनिटरला टाइप-सी होतं. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, एकच केबल, चित्र पण आणि चार्जिंग पण." घरी येऊन जोडलं तर पडदा काळा. केबल बदलली, ड्रायव्हर बदलले, दोनदा रिक्षा करून दुकानात गेले. शेवटी ओळखीतल्या एका मुलाने लॅपटॉपची माहितीपत्रिका शोधून दाखवली: माझं टाइप-सी फक्त डेटासाठी होतं. पेनड्राइव्ह चालेल, चित्र जाणार नाही.

टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. आतून काय वाहतं ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. चित्र वाहून नेण्यासाठी त्या पोर्टात डिस्प्लेपोर्ट आल्टरनेट मोड असावा लागतो. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र जाईल, याची खात्री धरायची. खूण नसेल तर लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलचं माहितीपत्रक वाचायचं. नुसतं मालिकेचं नाव चालत नाही, एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रकारच्या पोर्टांचे लॅपटॉप विकले जातात.

टाइप-सी चालत नसेल तर एचडीएमआय आहे. पण स्वस्त लॅपटॉपमध्ये ते अनेकदा १.४ आवृत्तीचं असतं. ३४४० बाय १४४० पिक्सेलचं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं म्हणजे साधारण पावणेआठ गिगाबिट लागतात आणि १.४मधून प्रत्यक्षात आठच्या आसपास जातात. कागदावर गणित जेमतेम जमतं, प्रत्यक्षात बऱ्याच जोड्यांत पडदा ५० किंवा ३० हर्ट्झवर अडकतो. ३० हर्ट्झवर माउस ओढला की बाण मागे राहून धावत येतो आणि दिवसाअखेर डोकं जड होतं. लोक चष्म्याचा नंबर तपासायला जातात आणि दोष केबलच्या टोकाला असतो. २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.०ला ही अडचण नाही.

टाइप-सीवाल्यांसाठी आणखी एक बारकी गाठ. या केबलमध्ये वेगाने वाहून नेणाऱ्या चार मार्गिका असतात. मॉनिटरलाच यूएसबीची भोकं असतील आणि ती यूएसबी ३च्या वेगाने चालवायची असतील, तर दोन मार्गिका डेटाला जातात आणि दोनच चित्राला उरतात. ३४ इंचीला ६० हर्ट्झवर दोन पुरतात. ४९ इंची, ५१२० बाय १४४०ला किंवा १०० हर्ट्झला त्या जुन्या डिस्प्लेपोर्टवर पुरत नाहीत. म्हणून काही मॉनिटरच्या मेनूत 'डेटा जलद' की 'चित्र पूर्ण' असा पर्याय दिलेला असतो. तो बदलला की 'पडदा धूसर दिसतो' ही तक्रार अनेकदा तिथेच मिटते. थंडरबोल्ट ३ किंवा ४ असेल तर ४० गिगाबिटांचा रस्ता मोकळा असतो.

चार्जिंगचंही तसंच. मॉनिटर ६५ वॉट देत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर ६५चा असेल तर एक केबल पुरते. लॅपटॉप १०० वॉटचा आणि मॉनिटर ६० देणारा असेल तर चार्जिंगची खूण दिसत राहते, पण व्हिडिओ रेंडर करताना बॅटरी हळूहळू उतरते. गेमिंगच्या लॅपटॉपवाल्यांनी एका केबलचं स्वप्न सोडून द्यावं. कंपनीचा लॅपटॉप असेल तर आणखी एक प्रश्न आधी विचारावा: बाहेरचा ड्रायव्हर टाकायची परवानगी आहे का? चित्र यूएसबीवरून नेणारे डिस्प्लेलिंकचे डॉक ड्रायव्हरशिवाय चालत नाहीत, आणि बऱ्याच कंपन्या ते टाकू देत नाहीत.

दोन २४ इंची मॉनिटर घ्यावे की एक अल्ट्रावाइड? पैशांत दोन २४ इंची बहुतेक वेळा स्वस्त पडतात. पण ते शेजारी मांडले की मधली कड नेमकी नाकासमोर येते, आणि मग माणूस एका पडद्याला मुख्य करून दुसऱ्याकडे मान वळवून बसतो. माझी एक सहकारी चार वर्षं अशी बसली आणि मानेच्या डाव्या बाजूला कायमची तार ओढल्यासारखं दुखणं घेऊन फिजिओथेरपिस्टकडे गेली. अल्ट्रावाइडचा मोठा गुण माझ्या मते हाच: मुख्य काम मधोमध ठेवता येतं. एक्सेलमध्ये जानेवारी ते डिसेंबर आणि वर एकूण, अशी वर्षाची रांग न सरकवता दिसते. व्हिडिओ संपादकाला टाइमलाइन लांब मिळते. उलट, दोन पडद्यांत एक उभा करून ठेवता येतो, आणि कोड किंवा लांब मजकूर वाचणाऱ्याला तो उभा पडदा फार सुखाचा. मॅकबुक एअर एम१ किंवा एम२चं असेल तर प्रश्नच मिटतो, कारण त्याला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. एकच मिळणार, तर तो रुंद असलेला बरा.

रुंद पडदा आणून सगळं पूर्ण आकारात उघडणारे लोक मी पाहिले आहेत. ८० सेंटिमीटर लांबीची ओळ वाचताना डोळा परत येतो तेव्हा पुढची ओळ चुकते. पडद्याचे भाग पाडायला शिकणं हा या खरेदीचाच भाग आहे. २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११मध्ये विंडोज आणि झेड ही बटणं एकत्र दाबली की मांडण्यांचे पर्याय येतात आणि रुंद पडद्यावर तीन स्तंभांचेही मिळतात. मला मधला भाग मोठा आणि कडेचे लहान हवे होते, म्हणून मी मायक्रोसॉफ्टच्याच मोफत पॉवरटॉइजमधलं फॅन्सीझोन्स वापरते. शिफ्ट दाबून खिडकी ओढली की ती आखलेल्या चौकटीत जाऊन बसते. मॅकवर २०२४च्या सिक्वोया आवृत्तीपासून अर्धे आणि पाव भाग आपोआप पडतात. तीन भागांसाठी रेक्टँगल हे मोफत अ‍ॅप पुरतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर माउसचा बाण हरवतो, आणि हे अगदी पहिल्या संशोधनांपासून नोंदलेलं आहे. विंडोजमध्ये कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ दाखवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

आता टेबल. आपल्याकडची तयार संगणक टेबलं आणि मुलांची अभ्यासाची टेबलं अनेकदा ४५ ते ५० सेंटिमीटर खोल असतात. मॉनिटरचा पाय २० ते २५ सेंटिमीटर जागा खातो. पुढे कीबोर्ड. मग ८० सेंटिमीटर रुंदीचा पडदा तोंडापासून ४०-४५ सेंटिमीटरवर येतो आणि प्रत्येक ओळीला मान हलते. डोळा सरळ समोरून दोन्ही बाजूंना साधारण १५ अंश सहज फिरतो, त्यापुढे मान मदतीला येते. ७० सेंटिमीटरवरून ३४ इंची पडदा एकूण ६० अंश व्यापतो, ४९ इंची ८० अंशांच्या वर. म्हणजे ७० सेंटिमीटरवरसुद्धा कडा मानेच्याच वाट्याला येतात. तिथे ईमेल, गाणी, शंकांची यादी असं अधूनमधून पाहायचं ठेवावं आणि वाचायचं ते मध्ये. टेबल उथळ असेल तर भिंतीला किंवा टेबलाच्या मागच्या कडेला लावायचा लोखंडी हात घ्यावा. मॉनिटरच्या मागे १०० बाय १०० मिलिमीटरवर चार भोकं आहेत एवढं पाहावं. पण टेबल भुशाच्या दाबलेल्या फळीचं असेल तर सहा-आठ किलोचा पडदा त्या एका शिकंज्यावर लोंबकळतो आणि फळी चुरते. माझ्या सुताराने खालून आणि वरून प्लायवूडचे दोन चौकोनी तुकडे घातले, तेव्हा कुठे हात स्थिर झाला.

वळणदार पडद्याला काही जण खूळ समजतात. सपाट ३४ इंची पडद्याची कड डोळ्यापासून मध्यापेक्षा दहा-अकरा सेंटिमीटर लांब जाते, ४९ इंचीची बावीसच्या घरात. डोळ्याला दर वेळी पल्ला बदलावा लागतो. वळण असलं की हा फरक कमी होतो. १८००आर म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. आकडा लहान तितकं वळण जास्त. ३४ इंचीला १८००आरसारखं सौम्य वळण मला पुरतं. नकाशे आणि आराखडे काढणाऱ्यांनी सपाट घ्यावा, त्यांना सरळ रेघ सरळच दिसायला हवी. ओएलईडी पडदे दिसायला अप्रतिम असतात. पण सतत एकाच जागी राहणारी टास्कबार त्यांच्यावर डाग पाडू शकते, आणि त्यांतल्या काहींत पिक्सेलची रचना वेगळी असल्याने काळ्या अक्षरांच्या कडेला रंगीत झाक येते. दिवसभर मजकूर पाहणाऱ्याने साधा आयपीएस पडदा घ्यावा. मॉनिटर खिडकीच्या काटकोनात ठेवायचा. एवढ्या रुंद काचेत गॅलरीतल्या दोरीवरचे कपडेसुद्धा दिसतात.

लॅपटॉप कुठे ठेवायचा? मी तो डावीकडे स्टँडवर उघडा ठेवते आणि त्यावर फक्त मेसेज ठेवते. काही जण झाकण बंद करून वापरतात. मॅकवर आणि विंडोजवर ते चालतं, फक्त मे महिन्यात विदर्भातल्या खोलीत बंद झाकणाचा लॅपटॉप तापतो आणि पंखा कोकलतो. वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतातच. लॅपटॉपचाच कीबोर्ड वापरायचा म्हटलं की लॅपटॉप समोर येतो आणि मोठा पडदा मागे ढकलला जातो.

ऑनलाइन मीटिंगमध्ये अख्खा पडदा शेअर करू नये. समोरच्याच्या लॅपटॉपवर तो वर-खाली काळ्या पट्ट्यांमध्ये चेपलेली एक बारीक रेघ होतो आणि वाचता काहीच येत नाही. एकच खिडकी शेअर करावी किंवा झूममध्ये पडद्याचा ठरावीक भाग दाखवण्याची सोय वापरावी. कॅमेरा बाजूच्या लॅपटॉपवर असेल तर तुम्ही सतत दुसरीकडे पाहताय असं दिसतं. मुलाखतीला बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ऑफिसचा आणि घरचा असे दोन लॅपटॉप असणाऱ्यांना एक गोष्ट मनापासून सांगते. बऱ्याच अल्ट्रावाइडमध्ये पडदा दोन भागांत वाटून दोन लॅपटॉप शेजारी दाखवता येतात, आणि केव्हीएम असलेल्या मॉनिटरवर एकच कीबोर्ड दोन्ही लॅपटॉपना चालतो. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायको दोघंही घरून काम करतात, अशा एका जोडप्याने रात्रीच्या शिफ्टसाठी हे वापरायला सुरुवात केली. दोन टेबलांची जागा त्यांच्याकडे नव्हती.

वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि मॉनिटर जातो. तिन्ही खिडक्या १४ इंची पडद्यावर एकमेकींवर कोसळतात. विंडोज ११ला मॉनिटर परत आल्यावर त्या जागच्या जागी ठेवायला सांगता येतं. पण खेडेगावातून काम करणाऱ्यांनी मॉनिटर इन्व्हर्टरच्याच फळीवर घ्यावा. ३४ इंची पडदा स्वतःपुरता साधारण ४०-६० वॉट घेतो, घरच्या इन्व्हर्टरला ते जड नाही.

किमतीबद्दल एक जुना हिशेब मनात राहिलेला आहे. १ जानेवारी २०१९पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्यापुढच्यांवर २८. म्हणजे ३४ इंची अल्ट्रावाइड चैनीच्या खान्यात आणि २९ इंची कामाच्या, आणि ए-फोर न मावणारा २९ इंची बरेच जण त्यापायीही घेत राहिले. २२ सप्टेंबर २०२५पासून सगळ्याच मॉनिटरवर १८ टक्के आहे. ४० हजारांच्या मूळ किमतीवर चार हजारांचा फरक, त्यात चांगला कीबोर्ड आणि सुताराचे पैसे निघतात.

गेल्या महिन्यात नाशिकच्या एका तरुण अनुवादिकेने मला फोन केला. "ताई, ऑफर संपतेय, ३४ इंची घेऊन टाकू का?" मी तिला रद्दीतला पेपर काढायला सांगितला. ८० बाय ३३ सेंटिमीटरचा आयत कापायचा, टेबलामागच्या भिंतीला चिकटवायचा आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत काम करायचं. तिने कापला, चिकटवला. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला: टेबल ४५ सेंटिमीटर खोल, आयताचं उजवं टोक कपाटाच्या दारावर आलेलं, दार अर्धंच उघडत होतं. लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ निघालं. तिने २७ इंची, २५६० बाय १४४०चा मॉनिटर घेतला. उंची तीच, ए-फोरची दोन पानं शेजारी मावतात, आणि कपाटही उघडतं. पेपरचा आयत तिने काढलेला नाही; टेबल बदललं की बघू म्हणाली.